गुणाकारातून उलगडलेलं हृदय

यकृतात रक्त तयार होतं आणि शरीर ते वापरून संपवतं, ही प्राचीन ग्रीक वैद्य गेलनची शिकवण युरोपातल्या वैद्यांनी सुमारे चौदाशे वर्षं मानली. १६२८ साली विल्यम हार्वी या इंग्रज डॉक्टरने साधा गुणाकार मांडला: एका ठोक्याला हृदयातून बाहेर पडणारं रक्त गुणिले अर्ध्या तासातले ठोके. उत्तर अख्ख्या शरीरातल्या रक्ताहून जास्त आलं. खाल्लेल्या अन्नातून इतकं रक्त बनणं शक्यच नव्हतं; म्हणजे तेच रक्त फिरून परत येत असणार. दंडाला पट्टी आवळून फुगलेल्या शिरेवरून त्याने बोट फिरवलं. रक्त हृदयाकडे सहज सरकलं. उलट दिशेला शिरेतल्या झडपांनी वाट अडवली. धमन्यांतून ते शिरांत कसं पोचतं, हे मात्र त्याला दिसलं नाही. धमन्या आणि शिरांना जोडणाऱ्या बारीक केशवाहिन्या माल्पिगी या इटालियन शास्त्रज्ञाने बेडकाच्या फुप्फुसात सूक्ष्मदर्शकाखाली पाहून १६६१ मध्ये त्यांचं वर्णन केलं. तेव्हा हार्वी हयात नव्हता.

हा अंक याच हृदयाविषयी आहे. आपण स्वस्थ बसलेलो असतानाही ते मिनिटाला सुमारे ५ लिटर रक्त पुढे ढकलतं. या रक्ताचा वाहिन्यांवरचा दाब म्हणजे रक्तदाब; तो वाढला, तरी बहुतेकदा कुठलंच लक्षण दिसत नाही. तेव्हा त्रास होत नसला, तरी या महिन्यात एकदा रक्तदाब मोजून घ्याच.