जैवविविधता मोजायची कशी? नांदूरमधमेश्वर आणि अंजनेरीचा धडा

गोदावरी-कादवा संगमावरील नांदूरमधमेश्वर हे राज्यातील पहिले रामसर स्थळ. तिथे दोनशेहून अधिक जातींचे पक्षी आढळतात. नाशिक-त्र्यंबकेश्वर रस्त्यालगतच्या अंजनेरीचे कातळपठार मात्र उन्हाळ्यात उजाड दिसते. मग जैवविविधता कुठे जास्त?

नुसत्या जाती मोजून भागत नाही
समजा, दोन तळ्यांवर प्रत्येकी १०० पक्षी आणि ५ जाती आहेत. पहिल्यावर प्रत्येक जातीचे २० पक्षी. दुसऱ्यावर एकाच जातीचे ९६ आणि उरलेल्या चार जातींचा एकेक. कोणतेही दोन पक्षी निवडल्यास ते वेगळ्या जातींचे असण्याची शक्यता पहिल्या तळ्यावर सुमारे ८१ टक्के, दुसऱ्यावर जेमतेम ८ टक्के. सिम्पसन निर्देशांक हेच मोजतो.

तुलना केव्हा खरी?
इथले पक्षी आणि तिथली फुले यांची तुलना होत नाही. गट एकच हवा, पाहणीची पद्धत सारखी हवी आणि ऋतूही योग्य हवा. नांदूरमधमेश्वरला स्थलांतरित पक्षी हिवाळ्यात येतात. अंजनेरी पावसाळ्यात फुलते. शिवाय दुर्मीळतेचे मोल वेगळे. अंजनेरीचे नाव लाभलेली ‘सेरोपेजिया अंजनेरिका’ ही कंदीलपुष्पाची जात नष्ट झाली, तर शंभर सामान्य जातीही ती उणीव भरून काढणार नाहीत.

म्हणूनच मे महिन्यातल्या एका फेरीवरून कोणत्याही पठारावर ‘पडीक’ असा शेरा मारणे चूक आहे. रस्ता, बांधकाम, अगदी वृक्षलागवड ठरवण्यापूर्वीही तिन्ही ऋतूंत पाहणी व्हावी आणि तिचे आकडे लोकांसमोर यावेत.