किल्ल्या कोणाच्या कनवटीला?

“हल्लीच्या मुली उपासनेला येत नाहीत,” ही तक्रार ख्रिस्ती महिला मंडळांतून पुष्कळदा ऐकू येते. त्यावर उपाय कोणता? आणखी एक प्रवचन! देवाच्या प्रेमावर तासभर बोलायचे आणि मुलींना हाक मारायची ती सतरंज्या उचलायला. याला प्रेम म्हणायचे, तर हुकमत कशाला म्हणावे?

पंडिता रमाबाईंकडे पाहा. १८८३ साली त्यांनी बाप्तिस्मा घेतला. १८९६-९७च्या दुष्काळात मध्य प्रांतात जाऊन त्यांनी शेकडो उपाशी मुली आणल्या आणि केडगावी त्यांना आसरा दिला. देवाचे प्रेम त्या पोरींना आधी भाकरीतून कळले. पण रमाबाई भाकरीवर थांबल्या नाहीत. त्यांनी मुलींना अक्षरओळख दिली, विणकाम, शेती, छपाई शिकवली. मूळ हिब्रू-ग्रीकवरून स्वतः केलेल्या मराठी बायबलचे खिळेही त्यांनी आश्रमातल्या मुलीबायकांकडूनच जुळवून घेतले. आयुष्यभराची तपश्चर्या अशी दुसऱ्यांच्या हाती द्यायला छाती लागते!

“मुली चुका करतील” म्हणता? करू द्या की! मुद्रिते तपासायला आपण आहोतच. १९२२ साली रमाबाई गेल्या. त्यांचे मुक्ती मिशन मात्र आजही चालू आहे. तेव्हा बायांनो, प्रवचन आवरा, व्यासपीठावरची एक खुर्ची रिकामी करा आणि कपाटाच्या किल्ल्या मुलींच्या हाती द्या. मग त्या येतात की नाही, ते पाहा!