ज्ञानाची पाणपोई की भाड्याची विहीर?

‘वन नेशन वन सबस्क्रिप्शन’ म्हणजे साऱ्या देशासाठी एकच वर्गणी, ही केंद्र सरकारची योजना जानेवारी २०२५ पासून अमलात आली आहे. ३० प्रकाशकांची सुमारे १३,००० संशोधनविषयक नियतकालिके ६,३०० हून अधिक सरकारी शिक्षणसंस्था व संशोधनसंस्था यांना इंटरनेटवर खुली व्हावीत आणि सुमारे १ कोटी ८० लाख विद्यार्थी, अध्यापक व संशोधक यांना त्यांचा लाभ मिळावा, असा तिचा संकल्प आहे. जी नियतकालिके आजवर मोजक्या बड्या ग्रंथालयांनाच परवडत, ती आडगावच्या सरकारी महाविद्यालयातही वाचता यावीत, या हेतूचे स्वागत कोण करणार नाही?

परंतु स्वागत करताना हिशेबाकडे डोळेझाक करून चालणार नाही. २०२५ ते २०२७ या तीन वर्षांसाठी ६,००० कोटी रुपयांची तरतूद आहे. मुदत संपताच नव्या अंकांसाठी प्रकाशकांच्या दारी पुन्हा उभे राहणे आले. शिवाय पहिल्या टप्प्यातील ही सोय सरकारी व्यवस्थापनाखालील संस्थांपुरतीच आहे. तालुक्याच्या गावी दवाखाना चालविणाऱ्या डॉक्टरने नव्या औषधाविषयीचा निबंध वाचावयाचा कोठे? कर तर तोही भरतो!

या व्यवहारातील विसंगतीही विलक्षण आहे. आपल्याकडील संशोधनाचा फार मोठा खर्च सरकारी तिजोरीतून होतो. निबंध लिहिणाऱ्यास प्रकाशक मोबदला देत नाहीत. त्याची पारख करणारे विद्वानही ते काम बहुधा विनामूल्य करतात. आणि तोच निबंध वाचण्यासाठी सरकारने पुन्हा पैसे मोजावयाचे! गाय आपली, चारा आपला, धार काढणाराही आपलाच. दूध मात्र विकत घ्यावयाचे, असा हा प्रकार आहे. संपादनास व जतनास खर्च येतो, हे आम्हांस मान्य आहे. पण तेवढ्याने मालकी सिद्ध होत नाही.

यावर उपाय नाही असे नाही. केंद्राच्या जैवतंत्रज्ञान विभागाने आणि विज्ञान व तंत्रज्ञान विभागाने २०१४ सालीच धोरण आखले, की त्यांच्या अनुदानातून सिद्ध झालेले निबंध खुल्या संग्रहात ठेवावेत. बंगळुरूची भारतीय विज्ञान अकादमी आपली नियतकालिके वाचकांना विनामूल्य उपलब्ध करून देते. अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेनेही जुलै २०२५ पासून आपल्या अनुदानातील संशोधन प्रसिद्ध होताच सर्वांस खुले करण्याचा नियम केला. आपल्याकडे उणीव धोरणाची नाही. ती काटेकोर अंमलबजावणीची आहे.

म्हणून २०२७ अखेरची मुदत येण्यापूर्वी सरकारने एवढे करावे: जनतेच्या पैशातून झालेला प्रत्येक निबंध खुल्या संग्रहात आल्यावाचून पुढील अनुदान देऊ नये. विद्या दिल्याने वाढते, असे आपण शाळेत मुलांस शिकवीत आलो आहोत. तो धडा राज्यकर्त्यांनीही गिरवावा. भाड्याच्या विहिरीवर तहान काही काळ भागेल. परंतु वाटसरूस त्याची जात, पदवी वा संस्था न विचारता पाणी देते ती पाणपोईच.