अफवेचे बळी आणि बातमीचा भाव



१३ जुलै २०१८ हा दिवस बिदर जिल्हा विसरू पाहतो आहे. तो विसरू देऊ नये म्हणून हा लेख.

त्या दिवशी तेव्हाच्या औराद तालुक्यातल्या मुरकी गावाजवळ हैदराबादच्या एका तरुण संगणक अभियंत्याला जमावाने ठार मारले. तो मित्रांबरोबर आपल्या भागात आला होता. सोबतच्या परदेशी पाहुण्याने वाटेत शाळकरी पोरांना चॉकलेटे वाटली, एवढाच काय तो अपराध! "मुले पळवणारी टोळी" अशी हाकाटी उठली. मोटार गावात पोहोचण्याआधी मोबाइलवरून निरोप पोहोचला. रस्ता अडवला गेला, मोटार खड्ड्यात गेली आणि जमाव तुटून पडला. सोडवायला गेलेले पोलीसही जखमी झाले. पुढे सुमारे तीस जणांना अटक झाली. त्यांत व्हॉट्सअ‍ॅपवरचा गट चालवणाराही होता.

याच्या बाराच दिवस आधी, १ जुलै २०१८ रोजी, धुळे जिल्ह्याच्या साक्री तालुक्यातल्या राईनपाड्यात रविवारचा आठवडी बाजार भरला होता. मंगळवेढ्याकडचे पाच नाथपंथी डवरी गोसावी भिक्षा मागत तिथे आले. एकाने लहान मुलीशी बोलल्याचे निमित्त झाले. पाचही जणांना ग्रामपंचायतीच्या खोलीत कोंडून जीव जाईपर्यंत मारले. राज्य वेगळे, जिल्हा वेगळा, पण अफवा तीच. तिला ना सीमाप्रश्न आडवा आला, ना भाषा.

ही अफवा ज्या चित्रफितीवर स्वार होऊन देशभर फिरली, तिची जन्मकथा ऐका. मोटारसायकलवरून दोघे येतात आणि खेळणाऱ्या मुलाला उचलून नेतात, असे ते दृश्य. मुळात ती पालकांना सावध करण्यासाठी कराचीत तयार झालेली जाहिरात. शेवटी ते दोघे मुलाला परत आणून सोडतात आणि फलक दाखवतात. कुणीतरी तो शेवट कापला. उरला तो निव्वळ भडका.

आता वळू या आपल्या वृत्तवाहिन्यांकडे आणि वर्तमानपत्रांकडे. प्रेतांवर अश्रू ढाळण्यात हे सगळ्यांत पुढे असतात. पण "परिसरात मुले पळवणारी टोळी?" असा मथळा छापून शेवटी एक प्रश्नचिन्ह टाकायचे, ही कोणती पत्रकारिता? प्रश्नचिन्हाने संपादक कायद्यातून सुटतो, वाचकाच्या डोक्यातली भीती मात्र सुटत नाही. गावात अनोळखी मोटार शिरली की त्या प्रश्नचिन्हाची काठी होते. मग त्याच काठीचा निषेध करणारा अग्रलेख दुसऱ्या दिवशी त्याच पानावर! चोराला म्हणे चोरी कर आणि सावाला म्हणे जागा राहा.

दुसरा ढोंगीपणा याहून वाईट. तो आहे मृताची किंमत ठरवण्याचा. १६ एप्रिल २०२० च्या रात्री, टाळेबंदीत, पालघर जिल्ह्यातल्या गडचिंचले येथे दोन साधू आणि त्यांचा चालक यांना जमावाने पोलिसांदेखत मारले. घटना अमानुषच होती, तिच्यावर संताप व्हायलाच हवा होता. पण तिथेही मुळाशी चोर आल्याची, मुले पळवली जात असल्याची अफवाच होती. वाहिन्यांना अफवेत रस नव्हता. त्यांना मारेकऱ्यांचा धर्म हवा होता. शेवटी तत्कालीन गृहमंत्री अनिल देशमुख यांना अटक झालेल्या १०१ जणांची यादी जाहीर करून सांगावे लागले की यात एकही मुसलमान नाही. त्यानंतर त्या चर्चांची धार कशी बोथट झाली, ते आपण पाहिले.

आमचा प्रश्न साधा आहे. राईनपाड्याचे पाच जणही गोसावीच होते ना? नाथांचे नाव घेऊन दारोदार फिरणारेच होते ना? मग त्यांच्यासाठी तसा आक्रोश का झाला नाही? कारण ते गरीब, भटके होते आणि त्यांच्या मरणातून कुणाचे राजकारण पिकणार नव्हते. मुरकीच्या तरुणाची बातमी तरी "अभियंता" या शब्दामुळे देशभर गेली. तोच एखादा फेरीवाला असता तर आतल्या पानावर चार ओळींत संपला असता. आणि राईनपाडा घडले त्याच दिवशी मालेगावात अशाच अफवेतून जमावाच्या तावडीत सापडलेल्या पाच जणांना, त्यांत एक लहान मूलही होते, स्थानिकांनी आसरा दिला आणि पोलिसांनी बाहेर काढले. माणसे वाचली, म्हणून बातमी मेली!

आपल्या भागाचे दुखणे तर निराळेच. बंगळुराला बिदर-कलबुर्गी आठवतात ते दुष्काळात आणि गुन्ह्यात. मुंबईच्या वाहिन्यांचा सीमाभाग बेळगावला सुरू होतो आणि बेळगावलाच संपतो. ६ डिसेंबर २०२२ रोजी बेळगावजवळच्या टोलनाक्यावर महाराष्ट्राच्या ट्रकांवर दगड पडले, तेव्हा तेच ते दृश्य पुन्हा पुन्हा फिरत होते. ते निंद्यच होते. पण काच फुटली तर सीमाप्रश्न आणि माणूस फुटला तर "स्थानिक घटना", हा हिशेब आम्हाला मान्य नाही.

कायद्याचे काय? मुरकीनंतर चारच दिवसांनी, १७ जुलै २०१८ रोजी, सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला: प्रत्येक जिल्ह्यात जमावहिंसेसाठी पोलीस अधीक्षक दर्जाचा अधिकारी नेमा, खटले शक्यतो सहा महिन्यांत संपवा, संसदेने वेगळा कायदा करावा. राईनपाड्याचा निकाल फेब्रुवारी २०२४ मध्ये लागला, सात जणांना जन्मठेप झाली. सहा महिन्यांच्या जागी साडेपाच वर्षे! नवी भारतीय न्याय संहिता १ जुलै २०२४ पासून लागू झाली, म्हणजे राईनपाड्याला बरोबर सहा वर्षे झाली त्या दिवशी. तिच्या कलम १०३ (२) मध्ये पाच किंवा अधिक जणांनी वंश, जात, जन्मस्थान, भाषा आणि तत्सम कारणांवरून केलेल्या खुनाचा उल्लेख आहे. भाषा आणि जन्मस्थान हे शब्द आपल्यासारख्यांना दिलासा देणारे खरे. पण शिक्षा पाहा: फाशी किंवा जन्मठेप, साध्या खुनाला आहे तीच. आणि निव्वळ अफवेने पेटलेल्या जमावाचा त्या यादीत शब्दही नाही. केंद्राच्या गुन्हे नोंदीच्या २०१७ च्या अहवालातही जमावहत्यांचे आकडे छापले गेले नाहीत. जे मोजायचेच नाही, ते थांबवणार कसे?

सरकारला आणि वाहिन्यांना बोल लावून आपण मात्र हात झटकायचे, असे चालणार नाही. आपल्या घराण्यांचा इतिहास आठवा. १९४७-४८ मध्ये रझाकारांच्या धाकाने याच भागातली कुटुंबे रातोरात सोलापूर, बार्शीकडे निघाली. वाटेतल्या गावांत आपले आजेपणजेच अनोळखी होते. तेव्हा तिथल्या लोकांनी काठ्या काढल्या असत्या तर हा अंक वाचायला आज आपण नसतो. त्यांनी भाकरी काढली. हुमनाबादच्या माणिकप्रभूंचा सकलमत संप्रदाय आपल्या मातीतला. त्या मातीत अनोळखी माणसाला आधी पाणी विचारतात, मग गाव.

म्हणून मंडळाच्या प्रत्येक घराकडून तीन गोष्टींची अपेक्षा आहे. आपण ज्या मोबाइल गटात आहोत, तिथे पळवापळवीचा निरोप आला तर तो पुढे न ढकलता ठाण्यात फोन करून खरेखोटे विचारा. गावात संशयित माणूस अडवला गेला तर सर्वांत वडीलधाऱ्याने पोलीस येईपर्यंत मधे उभे राहा. तरुण पोरे आजही आजोबांवर हात उचलत नाहीत. आणि प्रश्नचिन्हाची बातमी छापणाऱ्या पत्राला नावानिशी पत्र लिहून पुरावा मागा. दहा घरांनी अंक बंद केला की संपादकाला प्रश्नचिन्हाचा अर्थ आपोआप कळतो.