वेचलेला दगड शेतातच लागू द्या

धाराशिव जिल्ह्यात उन्हाळी नांगरट झाली की चैत्र-वैशाखाच्या उन्हात घरची माणसं पाट्या घेऊन गोटे वेचायला लागतात. भूम, वाशी, कळंब, तुळजापूरच्या बालाघाटी उतारांवर हे काम दरवर्षीचं, आणि ‘आमची जमीनच दगडाची’ एवढ्यावर त्याची चर्चा संपते. हे निदान अर्धवट आहे. मातीचा थर पातळ आहे, खाली मुरूम आणि काळा पाषाण आहे, नांगर खोल गेला की गोटे वर येतात, हे खरंच. पण उघड्या उतारावर पाऊस बारीक माती वाहून नेतो आणि जड गोटा जागीच राहतो. दगड वाढलेले दिसतात, तेव्हा पुष्कळदा माती घटलेली असते. हेक्टरभर रानातून एक सेंटिमीटरचा थर गेला तर 100 घनमीटर, म्हणजे सुमारे 35 ब्रास माती गेली. म्हणून दगडवेचणीची गणना मृदसंधारणात झाली पाहिजे, आणि वेचलेला दगड त्याच शेताच्या बांधाला लागला पाहिजे.

आज तो ओढ्याच्या काठावर टाकला जातो किंवा ट्रॉलीतून बाहेर जातो. तोच उताराला आडवा, समतल रेषेवर रचला तर पाण्याचा वेग मोडतो. फटींतून पाणी झिरपतं आणि गाळ अलीकडे बसतो. बुर्किना फासोमधल्या यातेंगा भागातल्या शेतकऱ्यांनी 1980च्या दशकात अशाच दगडांच्या ओळी घालून पडीक रानं पुन्हा पिकाखाली आणली. रेषा आखायला त्यांनी पाणी भरलेली साधी नळी वापरली; आपल्याकडे ती प्रत्येक गवंड्याजवळ असते. 2017पासून ‘गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार’ योजनेतून तलावांतला गाळ शेतात येतो आहे. बांध नसलेल्या उतारावर पसरलेला हा गाळ वाहून पुन्हा तलावाचीच वाट धरतो.

यावर पहिला आक्षेप असा, की यंत्र असताना हाताने वेचायचं कशाला? मोठे धोंडे यंत्रानेच काढावेत. पण लहान गोट्यांसाठी रान खरवडलं की दगडाबरोबर वरची सकस मातीही जाते. दुसरा आक्षेप, बांधात जागा जाते. जाते खरी, पण बांध नसेल तर वरच्या थराची माती साऱ्या रानातून जाते. सपाट, खोल काळ्या रानात मात्र हा उपाय लादू नये; तिथे निचरा महत्त्वाचा. तिसरा आक्षेप सर्वांत रास्त आहे: थोडे खडे ओल धरतात आणि पावसाच्या थेंबांचा मार झेलतात, मग ते काढायचे कशाला? काढूच नयेत. कुळवाच्या पासेला आणि पेरणीच्या फणाला अडणारा गोटा तेवढा वेचावा.

खरी अडचण मजुरीची आहे. घरच्या शेतातलं वेचणीचं काम बहुधा बायकांच्या वाट्याला येतं आणि खर्चात धरलंच जात नाही. सप्टेंबर 2025च्या अतिवृष्टीने परंडा-भूम भागातली रानं खरडून गेली, तेव्हा राज्य सरकारने अशा जमिनीसाठी हेक्टरी 47 हजार रुपये रोख आणि रोजगार हमीतून हेक्टरी 3 लाखांपर्यंतची मदत जाहीर केली. खरडलेल्या रानाला सार्वजनिक पैसा देणं योग्य, हे तत्त्व तिथे मान्य झालं. मग दरवर्षी थोडी थोडी खरडणारी जमीन त्यातून का वगळावी? 1972च्या दुष्काळात याच महाराष्ट्राने रस्त्यांसाठी खडी फोडणाऱ्या हातांना मजुरी दिली होती. अल्पभूधारकांच्या शेतातली दगडवेचणी आणि समतल बांधणी यांचं एकच काम ग्रामसभांनी आराखड्यात घ्यावं, त्याची मजुरी प्रत्यक्ष राबणाऱ्या बाईच्या खात्यावर जमा व्हावी आणि मोजमाप मृगाआधी पूर्ण व्हावं. माती वाहून गेल्यावर भरपाई वाटण्यापेक्षा ती जागेवर राखणं सरकारलाही स्वस्त पडेल.