द्राक्षमळ्याची सहल, पदराला खार न लावता

महाडहून एका भगिनीचं पत्र आलं आहे. घर चवदार तळ्यापासून हाकेच्या अंतरावर. लग्नाला येत्या फेब्रुवारीत पंचवीस वर्षं पूर्ण होताहेत. लेक-जावई नाशिकला असतात, आणि त्यांनी हट्ट धरला आहे की यंदा आईबाबांनी द्राक्षांच्या हंगामात यावं, एखादी वायनरी पाहावी, दोन घोट चाखावेत. बाई लिहितात : "मला जावंसं वाटतं. पण अडचणी तीन. एक, खर्च. जावयाच्या खिशाला भार नको आणि आमच्याही नको. दोन, आम्हांला त्यातलं ओ की ठो कळत नाही, चारचौघांत हसं व्हायचं. तिसरी सांगायला जड जाते. माझे धाकटे दीर दारूपायी गेले. जाऊबाई आमच्याकडेच असतात. त्यांच्या देखत ही हौस कशी करू?"

मैत्रिणींनो, तिसऱ्या अडचणीला आधी हात घालते. ती सुटली नाही तर उरलेल्या दोन सोडवून उपयोग काय?

'वाइन म्हणजे काही दारू नव्हे' हे वाक्य हल्ली फार ऐकू येतं. २०२२ च्या जानेवारीत मोठ्या किराणा दुकानांतून वाइन विकू द्यायचं राज्य मंत्रिमंडळानं ठरवलं, तेव्हा वर्तमानपत्रांतून याच वाक्यावर रणं माजली. विरोध झाला आणि तो निर्णय अमलात आला नाही. मला विचाराल तर या वादात शिरण्यापेक्षा स्वयंपाकघरातलं मापाचं भांडं घ्यावं. वाइनचा एक पेला म्हणजे साधारण १५० मिलिलिटर. त्यात मद्यार्क बारा-तेरा टक्के. व्हिस्कीचा लहान पेग ३० मिलिलिटरचा आणि तिच्यात मद्यार्क बेचाळीस-त्रेचाळीस टक्के. गुणाकार करून पाहा : वाइनचा एक पेला आणि व्हिस्कीचे दीड लहान पेग, दोन्हींत मद्यार्क जवळजवळ सारखाच. हळूहळू, जेवणाबरोबर घेतली तर ती सौम्य भासते एवढंच. जागतिक आरोग्य संघटनेनं तर जानेवारी २०२३ मध्ये स्पष्टच म्हटलं की मद्याचं 'बिनधोक' असं कुठलंही प्रमाण नाही.

तेव्हा जाऊबाईंना "अहो, हे द्राक्षाचं सरबतच" असं सांगून फसवू नका. त्यांनी जे भोगलंय ते त्यांना ठाऊक आहे. आपल्या राज्यात निम्म्याहून अधिक महिला मतदारांनी आडव्या बाटलीला कौल दिला तर दुकान बंद होतं. हा नियम अशाच बायकांच्या सोसण्यातून आला आहे. त्यांच्यापासून लपवून जाणं मला पटत नाही. जायच्या पंधरा दिवस आधी, दोघीच असताना, सरळ सांगा : आम्ही लेकीकडे चाललो आहोत, मळा बघणार आहोत, तिथे थोडं चाखूही, आणि या घरात बाटली येणार नाही. हे शेवटचं वचन पाळायचं, बरं का! जावयानं प्रेमानं भेट दिली तरी ती नाशिकच्या कपाटात राहू द्या.

आणि त्यांनाही बरोबर चला म्हणा. मळ्यावर येतील, न येतील. पण नाशिकला पाहण्यासारखं काय कमी आहे? २० मार्च १९२७ ला बाबासाहेबांनी तुमच्या तळ्याचं पाणी ओंजळीत घेतलं, आणि २ मार्च १९३० ला पंचवटीत काळाराम मंदिराचा सत्याग्रह सुरू झाला. चवदार तळ्याकाठी राहणाऱ्या बाईनं एकदा त्या काळ्या दगडी मंदिरासमोर उभं राहायलाच हवं. त्या एका फेरीसाठीसुद्धा नाशिकची वारी वसूल आहे.

आता खर्चाकडे वळू.

हंगाम जानेवारी ते मार्च. याच काळात वाइनची द्राक्षं तोडली जातात, आणि मळा पाहण्यात अर्थ तेव्हाच. पावसाळ्यात डोंगर हिरवेगार दिसतात, पण वेलीवर घड नसतो. शनिवार-रविवार टाळा. गर्दी असते, प्रवेशाचे नि चाखण्याचे दरही काही ठिकाणी चढे असतात, आणि सांगणाऱ्याला नीट सांगायला उसंत नसते. मंगळवार-बुधवार उत्तम. एक गंमत लक्षात ठेवा : जोडून सुटी आली म्हणून २६ जानेवारी गाठायला जाल तर तो कोरडा दिवस, पेला उपडाच राहील. आणि मार्चमध्ये जायचं ठरवलंत तरी १९-२० तारखेला घर सोडू नका. त्या दिवसांत उभा महाराष्ट्र तळ्यावर येतो. एस.टी.त उभं राहायला जागा नसते आणि तुमच्याकडेही चार माणसं उतरणारच.

प्रवासाला स्वतंत्र गाडी करू नका. मार्च २०२३ पासून एस.टी.त बायकांना अर्धं तिकीट आहे. महाडहून पनवेल आणि पनवेलहून नाशिक, असे दोन टप्पे पाडावेत. यजमानांना पूर्ण तिकीट पडेल, ते त्यांनी आनंदानं काढावं! आगगाडीची हौस असेल तर वीर स्थानक आहेच, पण पनवेलला उतरून पुढची जोडगाडी आधी पाहून ठेवा. मुक्काम लेकीकडे, म्हणजे मोठा खर्च वाचलाच. ज्यांची लेक नाशिकला नाही त्यांनी मळ्यावरच्या झगमगीत खोल्यांच्या मोहात पडू नये. शहरातलं साधं लॉज पुरतं. पंचवटीतल्या धर्मशाळेत उतरणार असाल तर मात्र बाटलीसह परतू नका, ते त्या जागेला शोभत नाही.

शहरापासून मळ्यापर्यंत रिक्षा किंवा टॅक्सी जाऊन-येऊन ठरवा. इथे काटकसर नको. जावईबापूंनी चाखलं असेल तर त्यांना गाडी चालवू द्यायची नाही. हे आधीच ठरलेलं असावं, तिथे जाऊन वाद नको.

पैसा कुठे गळतो सांगू? चाखण्यात नव्हे, जेवणात. डोंगराकडे तोंड करून बसलं की माणूस खाण्याची किंमत वाचत नाही. घरून पोटभर न्याहारी करून निघा, अकराच्या सुमारास पोहोचा, फेरी आणि चाखणं आटोपून दोनपर्यंत लेकीकडे जेवायला परत. रिकाम्या पोटी मात्र चाखू नका. निघण्यापूर्वी फोन करून तीन प्रश्न विचारा : प्रवेशाला किती, त्यातलं काही खरेदीत वळतं का, आणि चाखण्याचा एक संच दोघांत वाटून घेता येतो का. विचारायला लाजू नका, भाजीवाल्याशी घासाघीस करणारी आपली जात!

गंगापूर धरणाच्या बाजूला शहरापासून जवळच दोन-तीन मळे आहेत. त्यांतला सुला सर्वांना ठाऊक. राजीव सामंत या तरुणानं अमेरिकेतली नोकरी सोडून घरच्या जमिनीवर वेली लावल्या, १९९९ मध्ये वायनरी उभी राहिली आणि २००० मध्ये पहिली वाइन बाजारात आली. त्याआधी १९८० च्या दशकात शाम चौगुले यांनी नारायणगावला फेसाळती वाइन करून ती परदेशी धाडली होती, हे आज फारसं कुणाला आठवत नाही. २००१ मध्ये राज्यानं द्राक्षापासून वाइनचं धोरण आखलं, करात सवलत दिली, विंचूर आणि पलूसला वाइन उद्यानं काढली. आपल्याकडची बाटली परदेशीपेक्षा पुष्कळ स्वस्त पडते त्याचं एक कारण हे, आणि दुसरं, परदेशी बाटलीवरचा जबर आयातकर. त्याच पैशांत देशी बाटली अधिक चांगली येते. परदेशी चिठ्ठीला भुलू नका.

आता मळा. ज्यांना चाखायचं नाही त्यांनीही हा भाग सोडू नये. आपण बाजारातून आणतो ती द्राक्षं लांबट, बिनबियांची, पातळ सालीची. वाइनची द्राक्षं बघून तुम्ही म्हणाल, ही कसली? बारीक, गोल, बियांची, साल जाड. पण एक तोंडात टाका, जीभ चिकटेल इतकी गोड! ती साखरच पुढे कामाला येते. वेलीची छाटणी वर्षातून दोनदा : एप्रिलमध्ये खरड छाटणी, सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये फळछाटणी. युरोपात थंडी वेलीला झोपवते. आपल्याकडे थंडी तेवढी पडत नाही, म्हणून कात्रीच ते काम करते. एका बाटलीला एक-सव्वा किलो द्राक्ष लागतं.

आत गेलात की स्टीलच्या उंच टाक्या दिसतील. त्यात घडतं ते इडलीच्या पिठात घडतं त्याचंच भावंड : यीस्ट साखर खातं, मद्यार्क आणि वायू सोडतं. तांबडी वाइन तांबडी का? तर काळ्या द्राक्षाचा रस सालीसकट आंबवतात, रंग सालीत असतो. साल काढून नुसता रस आंबवला की पांढरी. लाकडी पिंपांत ठेवलेली महाग, कारण ओकचं पिंपच महाग. त्या लाकडाचा वास नवख्या नाकाला भावतोच असं नाही. म्हणून पहिल्याच भेटीत पिंपातल्या बाटलीवर पैसे घालू नका.

हसं होण्याची भीती म्हणाल तर तिथे रोज शेकडो नवखे येतात. नावं उच्चारता येत नसतील तर कागदावर बोट ठेवा : शेनिन ब्लाँ, सोव्हिनियाँ ब्लाँ, शिराझ, पुरे. पेल्यात दोन घोट येतील एवढंच ओततात. पेला दांडीला धरा, जरा फिरवा, नाक घाला. आपल्या नाकाला पेरू, संत्र्याची साल, मिरी, काय वाटेल ते म्हणा. हिंगाच्या एका वासावरून फोडणी जमली की नाही सांगणाऱ्या बाईला नाकाबद्दल कुणी काय शिकवायचं? घोट तोंडात घोळवा आणि नको असेल तर ठेवलेल्या भांड्यात थुंका. तिथे ते असभ्य समजत नाहीत, जाणकारही तेच करतात. पांढऱ्यापासून सुरू करा, तांबडीकडे जा. चार-पाच प्रकारांनंतर जिभेला काही कळत नाही, तिथे थांबा.

गरोदर असाल, अंगावर पाजत असाल, झोपेची किंवा मधुमेहाची औषधं चालू असतील तर मळा पाहा, द्राक्षं खा, पेल्याला हात लावू नका.

ज्यांच्या घरी बाटलीला आडकाठी नाही त्यांच्यासाठी पुढचं. एक बाटली घ्यावी, आणि तीही चाखून खरोखर आवडलेली. मळ्यावर घेतली म्हणून ती स्वस्त पडतेच असं नाही. गावच्या दुकानात मिळणारी असेल तर ओझं कशाला वाहता? फिरकीचं झाकण म्हणजे हलका माल हाही गैरसमज. साठा तर मुळीच करू नका. साध्या वाइन वर्ष-दोन वर्षांत संपवायच्याच असतात. त्या मुरत नाहीत, ते लोणचं नव्हे. वैशाखात कौलांखालच्या माळ्यावर बाटली ठेवलीत तर महिन्याभरात तिचा काढा होईल. आणि ज्या महाडात २०२१ च्या जुलैत सावित्रीचं पाणी घराघरांत शिरलं, तिथे खालच्या फळीवर महाग बाटल्या मांडण्यात कसलं शहाणपण?

कायद्याचंही ऐका. १९४९ चा दारूबंदी कायदा आपल्याकडे अजून आहे. प्यायला परवाना लागतो, तो थोडक्या पैशांत मिळतो. पावती जपून ठेवा. तुमचं गाव गोव्याच्या हमरस्त्यावर, तेव्हा "गोव्याहून स्वस्त आणू" हा सल्ला देणारे पुष्कळ भेटतील. तिकडची बाटली परवान्याशिवाय आणणं हा गुन्हा आहे, आणि रस्त्यावर झडती होते. घरी द्राक्षं आंबवण्याचे प्रयोगही परवान्याशिवाय चालत नाहीत.

७५० मिलिलिटरच्या बाटलीत पाच पेले, म्हणजे चार माणसांच्या जेवणाला एक पुरते. पांढरी फ्रिजमध्ये दोन-तीन तास गार करा. तांबडीसुद्धा आपल्या कोकणच्या उकाड्यात अर्धा तास गार केलेली बरी. 'तांबडी साध्या हवेत ठेवा' हे थंड देशांतलं शास्त्र. किंचित गोडसर शेनिन ब्लाँ तिखट सुरमईच्या तुकडीशी किंवा कोलंबीच्या कालवणाशी चांगली जाते. तांबडी मटणाला. सोलकढी मात्र त्याच जेवणात वाढू नका, दोन्ही आंबट एकमेकांना मारतात. नाजूक दांडीचे पेले विकत घ्यायची गरज नाही, काचेचे साधे पातळ पेले चालतात. उरली तर झाकण घट्ट लावून फ्रिजमध्ये तीन-चार दिवस; त्यानंतर मटणाच्या रश्श्यात अर्धी वाटी घालून संपवा, पण ती रटरटून आटू द्या, आणि पानात वाढण्यापूर्वी तसं सांगा.

रिकामी बाटली फेकू नका. गडद काच कोकमाच्या आगळाला फार चांगली. कोमट पाण्यात भिजवून चिठ्ठी खरवडून काढा, नाहीतर पाहुण्यांना भलतंच वाटायचं. सोड्यानं आतून धुऊन दोन दिवस कडक उन्हात उपडी वाळवा. तिचं पत्र्याचं झाकण मात्र वापरू नका, आगळातल्या मिठानं ते गंजतं. स्वच्छ बूच किंवा प्लॅस्टिकचं झाकण लावा.