कागदावर नाव कुणाचं?

मैत्रिणींनो, परवा भाचीसाठी खोली शोधायला जुळे सोलापूरपासून साखर पेठेपर्यंत पायपीट केली. पोरगी नर्स, नोकरी पक्की, पगार मात्र बेताचा. आपल्या गावात ‘भाडं किती’च्या आधी ‘पाणी किती दिवसाआड’ हे विचारायची सवय! पण आम्ही काही विचारायच्या आतच समोरून प्रश्न यायचा, ‘‘सोबत कोण राहणार?’’ एकटीच म्हटलं, की खोली नेमकी कालच गेलेली असायची.

शेवटी एका घरमालकीणबाईंनी होकार दिला. भाडं परवडणारं, डिपॉझिटही माफक. ‘‘कागदबिगद कशाला? तुम्ही काय परक्या आहात?’’ भाची लगेच राजी. अडून बसले ती मी. लग्नाआधी मीही अशीच विश्वासावर राहिले होते. खोली सोडताना ‘कसलं डिपॉझिट?’ हे ऐकलं, तेव्हा दाखवायला साधी चिठ्ठीसुद्धा नव्हती.

खरं तर महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ आपल्या बाजूने आहे. करार लेखी हवा, नोंदणीकृत हवा आणि ती जबाबदारी घरमालकाची. ती टाळली तर ३ महिन्यांपर्यंत कैद, ५,००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. भाड्याची पावती मागणं हा भाडेकरूचा हक्क. भांडण झालं म्हणून पाणी-वीज तोडता येत नाही.

बाईंची भीती वेगळी होती. ‘‘खोली बळकावली तर?’’ मी समजावलं, ११ महिन्यांचा लिव्ह अँड लायसन्स करार केला, की मुदत संपल्यावर खोली परत मागण्याचा तुमचा हक्कही पक्का. तेव्हा त्या म्हणाल्या, ‘‘बरं, पण नाव तिच्या वडिलांचं घाला.’’

का बरं? भाडं तर ती भरणार! याच सोलापुरात भाड्याच्या खोलीत विड्या वळत दिवस काढलेल्या बायकांनी संघटना करून हक्काचं छप्पर मिळवलं. २००६ मध्ये कुंभारीच्या गोदूताई परुळेकर वसाहतीत सुमारे १०,००० घरं उभी राहिली. जानेवारी २०२४ मध्ये रे नगरात कामगारांना आणखी १५,००० मिळाली. त्यांनी एवढं केलं. आपल्याला एका करारावर नाव मागायला संकोच का वाटावा?

करार झाला, भाचीच्याच नावाने. सही करताना तिचा हात जरा थरथरला. पुढच्या वेळी नाही थरथरणार.